घरच्या घरी शिवण : रुंद पट्ट्याचा सहा कळ्यांचा परकर



रिसोडहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "तयार परकर सैल बांधला तर दुपारपर्यंत निऱ्या खाली येतात. आवळून बांधला तर कंबरेला वळ उठतो. आता तो वळ काळा पडला आहे आणि घाम आला की चुरचुरतो. घरात शिवणाचे मशीन आहे, उशांचे अभ्रे आणि पडदे मी शिवते. परकर मला जमेल का?"

जमेल, बाई. अभ्र्याची सरळ टीप ज्या हाताला येते, त्या हाताला परकर नक्की येतो. ब्लाऊजसारखे बाहीचे, गळ्याचे, टक्सचे त्रांगडे परकरात नाही. सहा कळ्या, एक पट्टा आणि तळाची दुमड, एवढाच त्याचा संसार. मात्र या पत्रातला वळ मला शिवणापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटला. म्हणून आधी त्याच्याविषयी बोलू, मग कात्री हातात घेऊ.

वळ कशाने पडतो?

आज रात्री परकर सोडल्यावर आरशासमोर उभ्या राहून आपली कंबर नीट पाहा. उजव्या किंवा डाव्या बाजूला, जिथे नाडीची गाठ बसते, तिथे गडद पट्टा दिसेल. कुणाचा फिकट, कुणाचा काळाकुट्ट, कुणाची कातडी तिथे खरबरीत झालेली. "साडी नेसणारीला असायचेच," असे म्हणून आपण सोडून देतो. आईला होता, सासूबाईंना आहे, म्हणून आपल्यालाही आहे.

तयार परकराची नाडी जेमतेम पाव ते अर्धा इंच रुंद असते. साडीचे वजन, निऱ्यांची ओढ, पदराचा ताण, सगळे त्या सुतळीएवढ्या पट्टीवर येते. जरीची साडी असेल तर ते वजन किलोच्या आसपास जाते. पाण्याची बादली बारीक कडीने उचलली तर बोटे कापतात, आणि कडीला कापडाची जाड घडी गुंडाळली की तीच बादली सुसह्य होते. कंबरेचेही तसेच आहे. अर्धा इंच नाडीऐवजी अडीच इंचांचा पट्टा असेल, तर तीच ओढ पाचपट जागेवर पसरते.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा! रिसोड, वाशीम, मेहकर या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. नाडीखाली घाम साचतो, हवा लागत नाही, आणि चूल-धुणे-वाकणे यात ती नाडी दिवसभर त्याच जागी घासत राहते.

डॉक्टर काय सांगतात?

घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण माहीत असावे म्हणून सांगते. 2024 च्या नोव्हेंबरात वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीगत प्रसिद्ध केली. एक बाई सत्तर वर्षांच्या. कंबरेच्या उजव्या बाजूची जखम दीड वर्ष बरी होत नव्हती. दुसऱ्या बाई साठीच्या पुढच्या, परकर न घालता लुगडे कंबरेला घट्ट बांधणाऱ्या. त्यांची जखम दोन वर्षांची. तपासणी केली तेव्हा दोघींनाही त्या जागी त्वचेचा कर्करोग निघाला, आणि दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

डॉक्टरांचे म्हणणे असे की, घट्ट नाडीचा दाब आणि घर्षण वर्षानुवर्षे एकाच जागी होत राहिले की तिथली कातडी पातळ होते, फाटते, जखम होते. जखम भरू लागते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नाडी तिथेच बसते. अशी कधीच न भरणारी जखम पुढे क्वचित कर्करोगाचे रूप घेते.

ही गोष्ट अगदी नवी आहे असेही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी 1945 साली धोतर घट्ट नेसल्याने कंबरेला होणाऱ्या कर्करोगाविषयी लिहून ठेवले आहे. म्हणजे दोष साडीचा नाही आणि लुगड्याचाही नाही. दोष एकाच जागी, वर्षानुवर्षे आवळल्या जाणाऱ्या बारीक फासाचा आहे.

एवढे मात्र ध्यानात घ्या : असा कर्करोग फार थोड्या जणींना होतो. लाखो बायका साडी नेसतात, त्यांच्या कंबरेला नुसता वळ राहतो. वळ दिसला म्हणून रात्रीची झोप घालवू नका. पण वळाच्या जागी चीर पडली असेल, खपली धरून पुन्हा निघत असेल, पाणी किंवा रक्त येत असेल, गाठ लागत असेल, आणि तीन-चार आठवड्यांत ती जागा बरी होत नसेल, तर हळद-खोबरेल लावून वाट पाहू नका. डॉक्टरांना दाखवा. कंबर दाखवायची लाज वाटते म्हणून आपण दोन दोन वर्षे काढतो. वरच्या दोन्ही हकिगतींत जखमेचे वय वाचलेत ना?

आता मूळ उपायाकडे येऊ. नाडीच काढून टाकू आणि तिच्या जागी रुंद पट्टा लावू. दुकानात सगळ्यांना एकच माप मिळते, घरी आपले माप घेता येते.

परकर आपल्याकडे आला कसा?

आपल्या आज्या-पणज्यांच्या नऊवारीला परकर लागत नसे. कासोट्यामुळे लुगडे स्वतःच सावरले जाई. पाचवारी गोल साडी आली तशी आतल्या परकराची गरज लागली, कारण निऱ्या खोचायला काहीतरी हवे. या घडणीत एका बाईचे नाव आवर्जून घेतात. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेत आलेले पहिले भारतीय. 1864 साली त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी त्यांच्यासोबत मुंबई इलाख्यात आली. इथल्या पारशी बायकांची साडीची तऱ्हा पाहून तिने ब्लाऊज आणि परकर यांसह साडी नेसण्याची पद्धत उचलली आणि बंगालमध्ये रूढ केली. म्हणजे परकर हा साडीचा आधार म्हणून आला. आधाराने कंबर कापू नये, एवढीच आपली मागणी!

कापड

परकराला सुती पॉपलीन उत्तम. घाम शोषते, पायात घोटाळत नाही आणि साडी त्यावर घसरत नाही. कॅम्ब्रिक थोडे पातळ, उन्हाळ्याला छान. साटीनचा परकर दिसतो झुळझुळीत, पण खोचलेल्या निऱ्या त्यावरून सरकतात, आणि मग आपण नाडी आणखी आवळतो. रोजच्या वापराला साटीन नकोच.

36 इंची पन्ह्याचे सव्वादोन मीटर कापड घ्या. पट्ट्याचे माप 33 इंचांच्या वर जात असेल तर अडीच मीटर. दुकानदाराला पन्हा मोजून दाखवायला सांगा. काही कापडे 35 इंचही भरत नाहीत. रोजच्या चार साड्यांना चालेल असा एक रंग आधी निवडा : पांढरा, राखी किंवा मातकट. खाली-वर अशी दिशा असलेली नक्षी घेऊ नका, त्याचे कारण बेतताना कळेल.

कापड आणले की लगेच कापू नका. रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, सकाळी न पिळता सावलीत वाळवा, मग इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. जे आटायचे ते कापण्याआधी आटू द्या, नाहीतर पायघोळ शिवलेला परकर महिन्याभरात घोट्याच्या वर येतो.

बाकीचे साहित्य : त्याच रंगाचे दोऱ्याचे रीळ, 14 नंबरची सुई, खडू, टेप, पट्ट्याच्या आत घालायला मांजरपाटाची पट्टी, आणि तीन चपटी बटणे.

मापे

मापे दोनच, पण ती नीट घ्या.

पहिले माप पट्ट्याचे. बेंबीच्या वर, बेंबीवर की खाली, जिथे तुम्ही साडी खोचता तिथेच टेप धरा. हे माप जेवण झाल्यावर आणि पाटावर बसून घ्या. उभ्याने पोट आत ओढून घेतलेले माप दर्जीणबाईंना बरे वाटते, कंबरेला नाही. टेपखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पट्टा अडीच इंच रुंद होणार आहे, म्हणून त्याच्या खालच्या कडेलाही एकदा मोजा आणि दोन्हींत जे मोठे येईल ते धरा.

दुसरे माप उंचीचे. पट्ट्याच्या वरच्या कडेपासून पायाच्या घोट्यापर्यंत. साडीपेक्षा परकर दीड-दोन इंच वर असावा.

आपण उदाहरणादाखल पट्टा 30 इंच आणि उंची 38 इंच धरू. तुमचे आकडे वहीत लिहा आणि जवळ ठेवा.

अडीच इंच पट्ट्याचे गेले, म्हणजे कळीची तयार उंची साडेपस्तीस. वर शिवणीचा अर्धा इंच, खाली दुमडीचे दीड इंच. एकूण साडेसदतीस इंच. कापडातून आडवे, पूर्ण पन्ह्याचे, साडेसदतीस इंचांचे दोन तुकडे आणि पट्ट्यासाठी 6 इंचांचा एक तुकडा असे कापून घ्या. एकूण 81 इंच लागले. उरलेले चार-एक इंच कापड फेकू नका, त्याचे काम पुढे आहे.

बेतणे

आता गंमत पाहा. एकेका तुकड्यातून तीन तीन कळ्या निघतात आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही.

कापडाचा एक तुकडा जमिनीवर पसरा. 36 इंचांची कड वर आणि 36 इंचांची कड खाली, किनारी डावी-उजवीकडे. वरच्या कडेचा मध्य काढा आणि मध्याच्या दोन्ही बाजूंना साडेतीन साडेतीन इंचांवर खूण करा. म्हणजे वर मध्ये 7 इंच झाले. खालच्या कडेचा मध्य काढून दोन्ही बाजूंना 11-11 इंचांवर खूण करा. म्हणजे खाली 22 इंच झाले. आता वरची डावी खूण खालच्या डाव्या खुणेला, आणि उजवी उजवीला, सरळ पट्टीने जोडा. या दोन तिरक्या रेषांवर कापा.

मधली कळी तयार झाली : वर 7, खाली 22. बाजूला दोन तुकडे उरले, ते वर साडेचौदा आणि खाली 7 इंच आहेत. म्हणजे उलटे! त्यांना डोके खाली, पाय वर असे फिरवा. झाल्या की नाही बाजूच्या दोन कळ्या, वर 7 आणि खाली साडेचौदा! दिशा असलेली नक्षी का नको म्हटले ते आता कळले ना? फुले सहांपैकी चार कळ्यांवर खाली मान घालून बसतील.

फिरवताना डावीकडचा तुकडा डावीकडेच राहू द्या, उजवीकडचा उजवीकडे. म्हणजे किनारीची सरळ बाजू आपोआप मधल्या कळीकडे येते. दुसरा तुकडाही अगदी असाच कापा.

हे 7 इंच सगळ्यांना पुरणार नाहीत. म्हणून हिशेब लिहून देते :

पट्ट्याचे माप 32 पर्यंत : कळी वर 7 इंच. मधली कळी खाली 22, बाजूची साडेचौदा. तळाचा घेर सुमारे 96 इंच.

पट्ट्याचे माप 33 ते 38 : कळी वर 8 इंच. मधली खाली 20, बाजूची 14. घेर सुमारे 90 इंच.

पट्ट्याचे माप 39 ते 44 : कळी वर 9 इंच. मधली खाली 18, बाजूची साडेतेरा. घेर सुमारे 84 इंच.

शिवणीला प्रत्येक बाजूने अर्धा इंच जातो, तो यात धरला आहे. आपली सीट, म्हणजे नितंबाचे माप, पट्ट्यापेक्षा 11-12 इंचांनी मोठे असेल तर एक पायरी पुढची घ्या. वरचा जादा भाग चुण्यांत जाईल.

कळ्या जोडणे

कळ्या जोडताना एक नियम पाठ करा : तिरप्या कडेला सरळ कड. मधल्या कळीच्या दोन्ही कडा तिरप्या आहेत. त्यांना बाजूच्या कळ्यांची किनारीची सरळ कड लावा. तिरपे कापड ओढले की ताणते, सरळ कड त्याला धरून ठेवते. दोन्ही भाग, पुढचा आणि मागचा, असे तीन तीन कळ्यांचे करून घ्या. टीप नेहमी वरून खाली मारा. तिरपी कड खाली थोडी उरेल, उरू द्या.

मग पुढचा आणि मागचा भाग दोन्ही कुशींना जोडा. उजवी कूस पूर्ण शिवा. डाव्या कुशीला वरून 6 इंच उघडे सोडा, तिथून परकर घालता-काढता येईल. या चिरेला उरलेल्या कापडातली दीड इंच रुंद पट्टी दुमडून लावा आणि चिरेच्या टोकाला दोन-तीन वेळा मागे-पुढे टीप मारून पक्के करा. परकर फाटतो तो नेहमी तिथूनच.

आतल्या कडा उघड्या ठेवू नका. इंटरलॉकचे मशीन नसेल तर शिवणीचा एक पदर थोडा कापा, दुसरा त्यावर दुमडा आणि सपाट टीप मारा. ही दुहेरी शिवण धुण्याला दणकट, आणि मांडीला टोचत नाही.

पट्टा

आता या परकराचा जीव. 6 इंचांच्या तुकड्यातून पट्टा कापा. लांबी किती? पट्ट्याचे माप 30, सैलसरपणाचा 1, एकमेकांवर चढवायला 3 आणि शिवणीचा 1. एकूण 35 इंच. तुमचे माप 32-33 असेल तर उरलेल्या कापडातून 6 इंच उंच आणि 4 इंच लांब असा तुकडा काढून पट्ट्याला जोडा. जोड मागच्या बाजूला येईल असे पाहा. त्याहून मोठे माप असेल तर अडीच मीटर घेतलेल्या कापडातून 6 इंचांची दुसरी पट्टी निघते.

पट्ट्याच्या आतल्या निम्म्या भागावर मांजरपाटाची अडीच इंची पट्टी ठेवून चारही बाजूंनी टीप मारा. हीही आधी भिजवून वाळवलेली असू द्या. त्याने पट्ट्याची दोरी होत नाही, वळकटी पडत नाही. जाड बकरम मात्र घालू नका, बसताना पोटाला टोचते.

कळ्यांच्या वरच्या कडेला लांब टाक्यांचा धावदोरा घालून ओढा आणि घेर 31 इंचांवर आणा. चुण्या पुढे पोटावर येऊ देऊ नका, तिथे निऱ्या बसायच्या आहेत. कुशीला आणि मागे सारख्या वाटून द्या. पट्टा उलट बाजूने जोडा, सुलट बाजूला दुमडा, अर्धा इंच आत घेऊन वरून टीप मारा. पट्ट्याचे 3 इंचांचे टोक चिरेच्या मागच्या बाजूने पुढे आलेले असेल, ते पुढच्या टोकाखाली जाते.

पुढच्या टोकाला दोन आडवी काजे करा, एकाखाली एक. त्यांच्यासमोर आतल्या टोकावर बटणे लावा. तिसरे बटण जवळच्या काजासाठी एक इंच पुढे लावा. म्हणजे दिवस भरल्यासारखे पोट जड असले, पाळीच्या दिवसांत फुगले किंवा लग्नात जेवण अंमळ जास्त झाले, तर एक इंच मोकळे करता येते. धातूचे हूक शक्यतो टाळा. घामाने गंजतात आणि पुष्कळ जणींच्या कातडीला खाज आणतात.

तळ

परकर घालून आरशासमोर उभ्या राहा. जिथे कळ्या जुळतात तिथे खालची कड अर्धा-पाऊण इंच लोंबताना दिसेल. तो तिरप्या कडेचा जादा भाग. घरातल्या कुणाला तरी पट्टीने जमिनीपासून सारखी उंची खडूने आखायला सांगा, मुलीला या कामाची फार हौस असते. जादा भाग गोलाईत कापा आणि दीड इंचांची दुमड घाला. हाताने शिवली तर दिसते छान, मशीनने मारली तर टिकते जास्त.

दोन दुपारी पुरतात : पहिल्या दिवशी बेतून कळ्या जोडणे, दुसऱ्या दिवशी पट्टा आणि तळ.

साडी सुटणार नाही ना?

हा प्रश्न येणारच. नाडीशिवाय साडी टिकते का? टिकते. साडीला घट्टपणा लागतो तो निऱ्या दाबून धरण्यापुरता, आणि ते काम रुंद सुती पट्टा चांगले करतो, कारण साडीला धरायला जागा जास्त मिळते. निऱ्या खोचून वर एक मोठी सेफ्टी पिन पट्ट्याला लावली की दिवसभराची काळजी नाही. पहिल्या दिवशी घरीच, सुती साडीवर नेसून पाहा. हात बसला की मग बाहेर.

ज्यांना नाडीची फारच सवय आहे, त्यांनी निदान एवढे करावे : बारीक गोल नाडी काढून दीड इंच रुंद चपटी पट्टी नेफ्यात घालावी, गाठ रोज एकाच जागी येऊ देऊ नये, आज डावीकडे, उद्या उजवीकडे. रात्री झोपताना सैल गाऊन किंवा सैल परकर. आणि अंघोळीनंतर कंबर कोरडी पुसून मगच नेसावे.

जुने परकर टाकू नका

कपाटातले चार-पाच तयार परकर काय करायचे? त्यांचा नेफा उसवा, वरची कड कापून सरळ करा, आणि वर सांगितला तसा पट्टा जोडा. पट्ट्यासाठी निरुपयोगी झालेल्या सुती चादरीचा धडका भागही चालतो. नेफा गेला तेवढी उंची पट्ट्याने भरून निघते. दीड-दोन तासांत एक परकर होतो. नवा शिवण्याची भीती वाटत असेल, तर सुरुवात इथूनच करा.

सासूबाईंसाठी

आपल्या वऱ्हाडात अजून पुष्कळ घरी थोरल्या बायका नऊवारी लुगडे नेसतात. त्यांना परकर घाला म्हणणे बरे नव्हे, आणि त्या ऐकणारही नाहीत. पण लुगड्याची गाठ कंबरेला जिथे बसते, तिथे आत सुती मऊ कापडाची चार बोटे रुंद घडी ठेवायला सांगा. गाठीची जागा अधूनमधून बदलायला सांगा. आणि एवढे करा की, एखाद्या दिवशी पाठ चोळून देताना सहज कंबरेकडे नजर टाका. "माय, हे दुखते का वो?" एवढे विचारले तरी पुरे. या वयाच्या बाया स्वतःहून सांगत नाहीत. वर सांगितलेल्या दोघीही साठी-सत्तरीच्याच होत्या.

लेकीसाठी

हीच कळ्यांची रीत लेकीच्या स्कर्टलाही चालते. तिच्या कंबरेच्या मापात 6 इंच मिळवा आणि आलेल्या आकड्याला सहाने भागा, ती कळीची वरची रुंदी. उंची गुडघ्याखाली चार बोटे. 22-24 इंच उंचीला खाली फार पसरट कळी नको, तेव्हा मधली कळी खाली 14 इंचांच्या पुढे नेऊ नका. उरलेल्या कापडात पोलक्याच्या बाह्या निघतात. पट्ट्याला काजे दोन आणि बटणे चार लावा, म्हणजे मुलगी वाढली तरी दोन वर्षे स्कर्ट चालतो. तिच्या कंबरेला इलॅस्टिकचा वळ आत्तापासून पडू नये.

पट्ट्याचे आणि उंचीचे माप घरातल्या प्रत्येकीचे वेगळे असते. आपले, सासूबाईंचे, लेकीचे, असे तिन्ही आकडे एका कागदावर तारीख घालून लिहा आणि मशीनच्या खणात ठेवा. वर्षाने पुन्हा मोजा. कंबर वाढली असेल तर मनाला लावून घेऊ नका, बटण एक इंच सरकवा.

पुढच्या वेळी उरलेल्या चिंध्यांची गोधडी. तोवर कळ्यांचे तुकडे उलटे जोडले गेले, चुण्या पुढेच जमा झाल्या, पट्टा पिळला गेला, असे काही अडले तर जरूर लिहा. मापे आठवणीने कळवा, म्हणजे चूक कुठे आहे ते नेमके सांगता येईल.